कानाशी धरून

आईला आता दिसतं ते एवढंच,
उजेड आहे की नाही.
तरी इतरेमोच्या उतारावर, तापियाच्या झाडांत
तीच पुढे. मी टोपली घेऊन मागे,
फेनू सगळ्यांत मागे.

सुरवंट सालीच्या रंगाचा, सालीसारखाच गप्प.
मानेमागे दोन काळ्या रेघा, मिटलेल्या पापण्यांसारख्या.
हात लागला की पापण्या उघडतात
आणि रात्रभर बोटं जळतात.
फेनूने काल लावला.
आज शहाण्यासारखा चालतोय.

खोडावर मुंग्यांची वाट दिसली
तर बुंध्याला राखेचा वेढा. तीन ओंजळी, आई मोजते.
परवा पलीकडच्या डोंगरावर वणवा चढला,
त्याचीच राख.

मग कोश.
मातकट, अंगभर कुसळं,
कुणी मुद्दाम कुरूप विणावा तसा.
पानासकट खुडायचा, दोन बोटांत,
आणि कानाशी धरायचा.
जड आणि मुका असेल तर आत कुणी आहे.
खुळखुळला तर माशीने आतलं कधीच संपवलंय.
अंतानानारिवोचा व्यापारी डोळ्यांनी निवडतो,
त्याला आम्ही खुळखुळणारे देतो.
मोठा कोश मादीचा. असे काही झाडावरच ठेवायचे,
कितीही कमी पडोत.

यंदा कमी पडतायत.
बाबा दोनदा आईच्या स्वप्नात आले,
दारातच उभे राहून म्हणाले, थंडी वाजते.
आमच्यात अशा स्वप्नाला उत्तर द्यावं लागतं.
थडगं उघडायचं, हाडं मांडीवर घ्यायची,
नव्या रेशमात गुंडाळायची,
घरातलं काय काय झालं ते सांगायचं,
परत ठेवायची.
सहा हात कापड, हिवाळा सरायच्या आत.
मी हिशेब केला.
माझ्या हिशेबात झाडावर काहीच उरत नव्हतं.

आईने टोपलीत हात घातला,
एकेक कोश कानाशी नेला,
आणि चार माझ्या हातावर ठेवले.
बोलली काहीच नाही.
फेनूने ते गवताच्या काडीने फांदीला बांधले.
एक उलटा बांधला होता,
तिने चाचपून सुलटा केला.

रात्री विचारलं तिने, टोपलीच्या तळाशी काय वाजतंय?
भोकाचे आहेत, म्हटलं. पतंग उडून गेलेले. टाकून देते.
"टाकू नकोस. ते माझ्यासाठी ठेव."
अगं, त्यांचं सूत वीतभर आलं की तुटतं,
गाठी मारता मारता वर्षं जातील.
मांडीवर टकळी फिरत होती.
तुटलेलं टोक तिने थुंकी लावून जोडलं.
"जाऊ देत की. मला कुठं घाई आहे?"

फेनू एक रिकामा कोश कानाला लावून बसला होता.
काय ऐकू येतंय रे, विचारलं,
तर म्हणाला, थांब.