अकरावा दिवस

अकराव्या दिवशी मी घड्याळावर ओरडलो.
घड्याळाचं काही चुकलं नव्हतं.
मग बकरीवर, मग दारावर,
मग खिडकीतल्या रोडोपीच्या डोंगरावर,
जो एवढा वेळ नुसता उभा होता.

शेजारीण स्तामेना कुंपणावरून म्हणाली,
"दोब्री, हा तू नाहीस, तुझ्यातली तंबाखू बोलतेय."
तिला काय सांगू,
इतक्या वर्षांत आम्ही दोघं
वेगवेगळे कधी बोललोच नाही.

या गावात पोरं अक्षरांआधी पानं ओवायला शिकायची.
पहाटे तीनला कंदिलाखाली आई,
माझ्या हातात लोखंडी सुई, कोपराएवढी:
पान, पान, पान, दोरा.
बोटांवर काळा चीक चढायचा,
पाव कडू लागायचा.
पुढे पहिली सिगारेट ओढली तेव्हा
चव ओळखीची निघाली,
शाळेच्या डब्याची.

स्तामेना पुड्या घेऊन आली.
जुनं वर्तमानपत्र, वर पेन्सिलीनं नावं,
अक्षर तिच्या चालण्यासारखंच, फेंगडं.
मातोचिना: चुरगाळली की लिंबाचा वास.
दिल्यान्काच्या मुळ्या: यानं मांजरं पिसाळतात
आणि माणसं झोपतात.
शेवटी कान्तारियोन, पिवळाधमक,
एन्योव्हदेनच्या पहाटे दव असतानाच खुडलेला.
"मनावरचं मळभ जातं यानं."
पान उजेडाकडे धरलं,
टाचणीनं पाडावीत तशी बारीक भोकं.
म्हटलं, माझी फुप्फुसंही अशीच दिसत असतील.
ती हसली नाही.

रविवारी प्लोव्दिव्हहून मुलगी आली.
औषधांच्या दुकानात उभी असते दिवसभर,
तिनं आधी पिवळी पुडीच उचलली.
"बाबा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?
ही दोघं एका पोटात नांदत नाहीत."
मी तिच्यावरही ओरडलो.
तिनं पुडी पर्समध्ये टाकली,
चेन ओढली,
आणि बकरीला पाणी दाखवायला गेली.

दोन दिवस कुंपण मुकं.
तिसऱ्या दिवशी पलीकडून:
"मातोचिनाला तरी परवानगी आहे का, विचार तुझ्या बाईसाहेबांना."
होती.

आता खरं सांगू?
पाणी उकळायला सहा मिनिटं लागतात.
झाकण ठेवून दहा.
मग फुंकर मारत बसायचं.
तलफ येते, दार ठोठावते,
मी चुलीपाशी कामात असतो.
गुण पानाचा की पातेल्याचा,
मला ठाऊक नाही.

राग परवडला.
संध्याकाळी बंद गोदामासमोरच्या बाकावर
हसान आणि वेल्को ओढत बसतात, सरकून जागा करतात,
आणि मी लांबच्या गल्लीनं घरी येतो.
ते जे दाटतं, त्याला आवाज नाही,
त्याच्यावर ओरडताही येत नाही.
अशा एका संध्याकाळी खण उपसता उपसता
ती सुई सापडली. गंजलेली, तशीच लांब.

स्तामेनाच्या वाफ्यात मातोचिना माजलीच होती.
ओसरीवर बसलो.
पान, पान, पान, दोरा.
हात विसरले नव्हते, मीच त्यांना विचारलं नव्हतं.
अंधार पडेतो दीड हात माळ झाली.
बोटं हुंगली: लिंबू.
आणि लिंबाच्या खाली, खोल,
अजून ती.

"वाळली की अर्धी माझी हं," कुंपणावरून आवाज.
मी ओरडलोच,
पण एवढंच:
"घे की!"