तेविसावं पाऊल

गुलटेकडीच्या त्या इस्पितळामागे
बारा गाड्यांच्या पार्किंगची जागा मिळाली मला,
सोबत एक डिझेल जनरेटर
आणि ट्रस्टींची अट:
हिरवं दिसलं पाहिजे, खर्च दिसता कामा नये.

मी नकाशा काढला.
कोपऱ्यात रातराणी, मधोमध कारंजं,
एका रेषेत चार बाकं.
सिस्टर वाळुंजांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाल्या,
"एकदा चौदा नंबरवर आडव्या व्हा."

झाले.
खाटेवरून बाग दिसतच नाही.
दिसतं टाकीचं काळं पोट,
डिशवर बसलेली घार,
आणि पंख्याच्या वाटीतलं जळमट,
जे उभ्या माणसाच्या नजरेला पडत नाही.

कारंजं खोडलं.
तिसऱ्या मजल्याला पोचेल असा करंज मांडला.
पोचायला नऊ वर्षं.
तोवर चौदा नंबरवर कोण कोण येऊन जाईल
हे नर्सरीवाल्याला विचारायचं नसतं.

रातराणी इंदुमती खळदकरांनी खोडली.
चौथा केमो, डोक्याला नातीचा सुती रुमाल.
"पहाटे मार्केटयार्डातला झेंडू वाऱ्यावर येतो,
तेवढ्यानं मला बेसिन गाठावं लागतं.
वासाचं नको गं काही.
बोटं बधिर झालीत माझी,
खरखरीत लाव. कळेल असं."

म्हणून खरवत.
जुने सुतार हिच्या पानानं लाकूड घासायचे.

आणि यशवंत पासलकर, वेल्ह्याचे,
छातीला टाके, बगलेत उशी धरून
दारापासून निघाले माझ्यासमोर,
खळ्यावर धान्य मापावं तसे मोजत,
एक न म्हणता लाभ म्हणत:
लाभ, दोन, तीन...
तेविसाला भिंत धरली.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाले,
"हितं बूड टेकायला असतं,
तर उद्या चोविसावं टाकलं असतं."

कंत्राटदार दोरी लावून उभा:
"मॅडम, हे बाक लायनीत येत नाही."
नाही येत.
याला दोन्ही बाजूंनी हात हवेत,
उठताना रेटा देता येईल असे,
आणि बैठक जरा उंच.
लायनीचं मी बघते.

जनरेटरच्या आडोशाला अजून एक,
भिंतीकडे तोंड करून.
नकाशावर नाव लागतं, म्हणून लिहिलं, बाक पाच.
डॉक्टरांशी बोलून बाहेर आलेल्या
आणि गावाकडे अजून फोन न लावलेल्या माणसासाठी.
सल्लागार म्हणाला, यंत्राचा आवाज फार आहे, हलवा.
नाही हलवलं.
ते सुरू असलं की मोठ्यानं रडता येतं.

उद्घाटनाला रिबीन होती, पेढे होते.
पासलकर तोवर घरी गेले होते.
कुठल्या अर्थानं,
ते मी सिस्टरांना विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

काल सहज गेले होते.
पंचविशीची एक मुलगी, कानात इअरफोन,
सलाइनचा दांडा ढकलत आली दारातून.
मी मोजत होते.
तेवीस झाले, तिनं बाकाकडे पाहिलंही नाही.
चोवीस. पंचवीस.
खरवतीपाशी थांबली, पान खुडलं,
गालावर घासून बघितलं, तोंड वाकडं केलं,
आणि गेली पुढं वळणावरून.

बाकावर इस्पितळाचा बोका झोपला होता
चारही पाय ताणून.
मला बसायचं होतं जरा,
पण त्याला उठवलं नाही.