नारीनहून

बिश्केकच्या तळघरात सर्व्हर निपचित.
इथे नारीनला, खिंड बर्फाने बंद,
आयझादा मांडीवर लॅपटॉप घेऊन
त्याच्या पोटातल्या चिमुकल्या चिपला हाक मारते,
धनी निजला तरी जागी राहणारी
ती एकटीच.

प्रमाणपत्र कालबाह्य, ब्राउझर कुरकुरतो. असू दे.
पासवर्ड अजून कारखान्यातलाच:
लाज वाटते, हायसंही.

तापमान एकोणीस. पंखे शून्य.
ती ‘चालू’ दाबते
आणि तीनशे किलोमीटरवर
कुणी नसलेल्या खोलीत
पंखे किंचाळत उठतात. तिला ऐकू येत नाही,
नुसते आकडे चढतात.

मग काळ्या पडद्यावर एक ओळ:
कीबोर्ड सापडला नाही.
पुढे जायला एफ-वन दाबा.

शेगडीपाशी बाप विचारतो, हसलीस कुणाला गं?
कुणाला नाही, म्हणते,
आणि दाबते.