सतरा गावांचं दप्तर

वेळखोल संस्थान. गावं सतरा, खाड्या दोन,
तोफ एक, तीही सलामीपुरती.
जिल्ह्याच्या अभिलेखागारानं मला यादी करायला पाठवलं,
तीन आठवडे, भत्ता वेगळा.
पहिल्या दिवशी लाल रुमाल मोजले, दोनशे बारा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, दोनशे नऊ.
शिपाई गुणाजी म्हणाला, कसर काय मोजून खाते?

आधी सगळा कारभार एका डोक्यात होता.
विसाजीपंत पोंक्षे, कारभारी.
वसूल, न्याय, गलबतांची जकात,
राणीसाहेबांच्या खोकल्याचा काढासुद्धा.
ते वारले, आणि तीन महिने कुणाला कळेना
संस्थानाकडे पैसे आहेत की नाहीत.
म्हणून अठराशे एकाहत्तरात खाती पाडली:
मुलकी, दिवाणी आणि आरमार.
आरमारात एक मचवा होता.
तो गळत होता.

त्याच सालच्या आश्विनात, पुनवेच्या उधाणाला
खारबांध फुटला.
भागी कोम पांडू तारी, हिची सव्वा एकर खाजण
खाडीनं पोटात घेतली.
अर्ज चार ओळींचा. जमीन गेली, सारा माफ व्हावा.

मुलकीनं लिहिलं: सदरहू ठिकाणी पाणी आहे.
पाणी आरमाराकडे. सबब कागद तिकडे.
आरमारानं पाहणीला मचवा धाडला,
तो ओहोटीला चिखलात बसला.
शेरा: सदरहू ठिकाणी जमीन आहे.
आमचा मचवा तिच्यावर उभा आहे.

अठराशे ब्याण्णवात नवे दिवाण आले, तेलंग,
पेटीत रबरी शिक्के घेऊन.
मुलकीचं महसूल झालं, आरमाराचं बंदर खातं,
आणि हसन परकार कारकून
उजव्या दाराऐवजी डाव्या दारानं आत येऊ लागला.
कागदाला नवा क्रमांक पडला.
सारा जुनाच, दरसाल दीड रुपया,
पाण्यावर.

हसनचं मोडी मी आता लांबून ओळखतो.
उकार असा ओढतो, जशी होडीची नाळ.
समासात त्यानं अकरा वेळा लिहिलंय:
बाई समक्ष आली. परत पाठविली.
बाराव्या वेळी:
बाई समक्ष आली. बसविली.
त्या पानावर बाकी काही नाही.

एकोणीसशे तेविसात मंत्रिमंडळ.
तीन मंत्री, एक दालन, एक पंखा.
पहिल्या चार बैठकांची इतिवृत्तं पंख्याबद्दल आहेत.
पाचव्या बैठकीत विषय सातवा:
अर्जदार मयत. नातू अर्ज चालवितो.
विषय वेळेअभावी पुढे.

आणि मग विलीनीकरण. हवाल्याची यादी, दोन पानी:
खुर्च्या एकोणीस, पैकी मोडक्या सहा.
तोफ एक. मचवा नाही.
प्रलंबित प्रकरण, एक.
खाली कुणाची तरी घाईची सही, आणि "पाहिले".

आता माझ्या संगणकावरच्या तक्त्यात
दोन रकाने आहेत, जमीन आणि जलक्षेत्र.
एकच निवडता येतो. रिकामा सोडला
तर पुढचं पान उघडत नाही.
गुणाजी म्हणतो, जमीन टाका साहेब,
दप्तराला जमीन कळते.

संध्याकाळी जाऊन आलो. सुकती होती.
गुडघाभर चिखलात एक बाई तिसऱ्या काढत होती,
पाठीला टोपली, कमरेला कोयती.
विचारलं, ही जागा कुणाची?
तिनं मान वर केली नाही.
"काय ता बेगीन इचारा. पाणी चडता."
मग मला काही विचारता आलं नाही.
पाणी खरंच चढत होतं,
आधी तिच्या पावलांच्या ठशांत,
मग ठशांच्या मधल्या जागेत.

रात्री तक्त्यात जमीन टाकली.
पण रुमालाला बांधायच्या चिठीवर
मोडीत, म्हणजे साहेब वाचणार नाहीत,
उकार जमेल तसा ओढून
लिहून ठेवलं:
बाई समक्ष आहे. मी उभा राहिलो.