खोटं खानापूर

संगणकात मी एक खानापूर वसवलं,
दहा हिवाळ्यांचं.
फ्लूनं किती जण जायचे
ते मीच ठरवलं: चारशे बारा.
मग उत्तर झाकून सूत्राला विचारलं,
सांग बघू.
म्हणालं, तीनशे अडुसष्ट.

चव्वेचाळीस माणसं गळाली.
मला बरंच वाटलं;
निदान गळती तरी मोजता आली.

खऱ्या खानापुरात, नोंदवहीत,
भरमाणा गुरव.
कारण कन्नडात लिहिलेलं,
मराठीतही तोच शब्द:
हृदयाघात.

त्यांची थोरली सून काजू निवडता निवडता म्हणाली,
"आदी नऊ दिस तापानं फणफणत होते की वो."
सूप पाखडलं.

इथलं उत्तर
कुणी झाकून ठेवलेलं नाही.
लिहिलेलंच नाही.

मी परत खोट्या गावात गेले,
अजून एक हिवाळा घातला,
नऊ दिवसांचा ताप घातला.