उसना गुरुवार

मारित्सा,
तुझे माझ्याकडे तीन रविवार निघतात.
एक परवा फेडला. राहिले दोन.
विसरलेले नाही.

तू माझ्या जागी उभी राहिलीस, गुरुवारी,
बारा तास, वाफेच्या टाकीपाशी,
सेंतोया खेकड्यांच्या तंगड्या मोडत,
आणि मी पाठीला पिशवी लावून कॉलेजात गेले,
मनगटाच्या आठ हाडांचा पेपर द्यायला.

तोंडपाठ होती गं.
पहाटे साडेचारला पोराच्या डब्याचा पाव कापताना,
कारखान्याच्या बसमध्ये,
संडासातसुद्धा, पाळीप्रमुखानं दार ठोकेपर्यंत:
होडी, अर्धकोर, पिरॅमिड, वाटाणा.
पट्ट्यावरून खेकडे सरकत यायचे,
मी त्यांचे सांधे मोडायची आणि माणसाचे मोजायची.
खेकड्याला हाडं नसतातच, ठाऊक आहे तुला?
जे काय टणक ते सगळं बाहेर.
मला हे पहिल्या सत्रात कळलं,
अकरा वर्षं त्यांना मोडून झाल्यावर.

तर, दारावर कागद.
वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे परीक्षा पुढे ढकलली आहे.
तारीख मागाहून कळवू.
कागदाची तीन टोकं सुटलेली, चौथ्यावर फडफडत होता.
म्हातारा बाल्दोविनो कुलूप लावत म्हणाला,
घरी जा पोरी, छप्पर सांभाळ.
माझ्या वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची मुलं
टाळ्या पिटत निघून गेली.
त्यांना गुरुवार फुकट मिळतात.
मी पायरीवर बसून शिव्या घातल्या,
वाऱ्यालाच बहुतेक.
तोंडातून निघायच्या आत तो त्या घेऊन गेला
सामुद्रधुनीच्या पलीकडे.

दुपारी दोनला मी माझ्या घरात.
ही वेळ मी तिथे कधी पाहिलीच नव्हती.
ऊन कपाटाखाली शिरतं, त्या कोपऱ्यात,
जिथे माझा झाडू पोचत नाही.
काय काय निघालं तिथे.
एक दुधाचा दात निघाला. मी मागे घर पालथं घातलं होतं ज्याच्यासाठी, तो.

रेनातोची शाळाही सोडून दिलेली.
दोन्या एर्मिंदाच्या दारात त्यानं मला पाहिलं
आणि खेळणं खाली ठेवलं.
तुला काढून टाकलं?
नाही रे.
मग बरं नाहीये?
बरं आहे.
मग?
त्याच्यापाशी तिसरं कारण नव्हतं.
माझ्यापाशी तरी कुठे होतं?

मग आम्ही बाहेर पडलो, काही आणायचं नसताना.
चौकाच्या कडेनं पालिकेनं दोर बांधलेत ना,
ते धरून, एकामागे एक,
बँकेतला साहेब, दोन जोगिणी, मी, माझा सात वर्षांचा.
माझी टिपणाची चिठ्ठी त्यानं दातात धरली होती.
घेऊ का परीक्षा? ओरडला.
घे.
मी एकेक हाड ओरडत गेले,
निम्मी वारा खाऊन गेला.
वाटाणा मात्र त्याला ऐकू आला
आणि तो इतका हसला
की दोर सुटला त्याच्या हातून.
मी मनगट पकडलं त्याचं.
आठही हाडं, मारित्सा, एका मुठीत,
किती बारीक असतात.

रात्री त्यानं विचारलं, उद्या पण वारा आहे?
मी म्हटलं, झोप.
आणि खिडकीची फट कागदानं बुजवता बुजवता
जरा थांबले.

आता तारीख आली आहे. मंगळवार, संध्याकाळी सहा.
तुझी आई दवाखान्यात आहे, मला माहीत आहे,
तरी मागते.
जुने दोन, वर आणखी दोन.
तू म्हणशील गुरुवारी परीक्षा झालीच नाही,
तो कशाला धरायचा?
धर.
परीक्षेसाठी घेतला होता, दुसरीकडे खर्च झाला,
पण झाला पुरा, काही परत आणलं नाही.
चार रविवार.
लिहून ठेव. पेन्सिलीनं नको.