पोटखराबा

एका पोथीत राजा गादीवर बसला तेव्हा बावीसचा,
दुसऱ्या पोथीत बेचाळीसचा.
बाप चाळिशीत मेला, इथे दोन्हींचं एकमत.
म्हणजे मुलगा बापाहून दोन वर्षांनी थोरला.
तीस वर्षं मी अलिबागच्या भूमी अभिलेखात काढली.
असा फेरफार टेबलावर आला असता
तर तांबडी पेन्सिल मारून परत धाडला असता.

मिल्काआत्याला वाचून दाखवलं.
ती मलिद्याचे पोहे निवडत होती.
"लिहिणाऱ्याची झोप झाली नसेल," म्हणाली,
आणि एक खडा काढून ओट्यावर ठेवला.

"बरं, आपलं काय? नवगावच्या खडकावर फुटलेलं गलबत,
सात पुरुष, सात बायका. चौदा नावं सांग."
एकही येईना.
"पुस्तकं बुडाली रे, नावं त्यांतच होती.
प्रार्थनेची एक ओळ तोंडात राहिली.
तोंडातली भिजत नाही."
मग घाण्याच्या शेवटच्या बैलाची गोष्ट:
शनवारी जू दाखवलं की मान फिरवायचा.
त्याला कुणी पोथी वाचून दाखवली होती?

एसटीने नवगाव गाठलं.
दोन उंचवटे. एकात पुरुष, एकात बायका, असं म्हणतात.
सातबाऱ्याची नक्कल मीच काढलेली:
दोन्ही मिळून तीन गुंठे, पोटखराबा,
लागवडीस अयोग्य.
इतर हक्कांचा रकाना कोरा.

पिशवीत टेप होती.
सुरूखाली जाळं विणत बसलेल्या दामा कोळ्याने
मागितली तर कुदळही दिली असती.
मागितली नाही.
हाडं निघतील याची भीती, की निघणार नाहीत याची,
ते मला अजून सांगता येत नाही.

"तुमचेच का हे?" दामाने विचारलं.
"आम्ही होड्या इकडून ओढत नाही."
का?
"आजा ओढायचा नाही."
त्याच्या आज्याला कुणी सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं.
सुई पुन्हा जाळ्यात घातली त्याने.

ही नोंद कुठल्या रकान्यात घालू?

रात्री पोथी उघडली.
बेचाळीसखाली माझीच तांबडी रेघ.
रबर हातात घेतला, ठेवून दिला,
समासात बारीक लिहिलं: स्थळपाहणी केली.
पुढची तारीख सुचेना.

खालून आत्याची हाक:
मलिदा झालाय, दहा माणसं काही जमत नाहीत,
सातच आहेत,
तू ये.